कॅमेऱ्याची परिभाषा आणि कामगाराचे माप



गोदाकाठच्या या मंचावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकता. मी विद्वान नाही. सातपूरच्या वसाहतीत लेथवर उभा राहून मला जे उमगले, आणि पुढे युनियनच्या कामात लोकांची गाऱ्हाणी ऐकताना जे शिकावे लागले, तेवढीच माझी विद्या. बाकीचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून 'डिजिटल चित्रणातील तांत्रिक शब्द' हा विषय माझ्यासारख्याने का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आधी देतो.

गेल्या काही वर्षांत युनियनच्या कचेरीत एक नवा कामगार येऊ लागला आहे. त्याच्या हाताला तेलाचा डाग नसतो; पाठीवर काळी पिशवी असते आणि तिच्यात कॅमेरा असतो. लग्ने, सभा, शाळांची संमेलने, कारखान्यांचे माहितीपट, द्राक्षबागांच्या जाहिराती, मालिका, सारे काही तो टिपतो. त्याचा भाऊबंद संगणकापुढे बसून रात्र रात्र ते जोडतो. त्यांना कोणी कामगार म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवून घेत नाहीत. 'आर्टिस्ट' म्हटले की खूष होतात. पण महिनाअखेर पैसे कापले जातात, तेव्हा आर्टिस्टला युनियनची आठवण होते. आणि त्यांची भांडणे ऐकताना माझ्या ध्यानात आले, की यांतील निम्मी भांडणे पैशाची नाहीत. ती शब्दांची आहेत. शब्दांत माप असते, आणि माप ज्याच्या हाती, मजुरीही त्याच्याच हाती.

माप म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्याला सांगावयास नको. लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. भाव काय फुटला, हे तो आधी विचारतो. पण काटा कोणाचा आणि कट्टी किती, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. लेथवरच्या कामगाराचेही तेच. त्याला 'दांडा गुळगुळीत कर' एवढे सांगून भागत नाही. किती व्यास, किती मायक्रॉनची सूट, हे ड्रॉइंगवर लिहिलेले असते. इन्स्पेक्टरने जॉब नापास केला तर त्याला गेज लावून दाखवावे लागते. 'मला आवडले नाही' म्हणून जॉब नापास होत नाही. चित्रणाच्या धंद्यात मात्र रोज असे होते. 'क्वालिटी चांगली पाहिजे' एवढ्यावर काम ठरते, आणि 'क्वालिटी बरोबर नाही' एवढ्यावर मजुरी कापली जाते. वास्तविक या धंद्याजवळ लेथइतकीच काटेकोर मापे आहेत. ती कोणती, हेच मला आज सांगावयाचे आहे.

पहिले माप 'फ्रेम'. यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी याच नाशकात वारले. १९१२ साली ते विलायतेला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, थांबून थांबून त्याची चित्रे घेतली, आणि महिन्याभराची वाढ एखाद्या मिनिटात दाखविली. कोंब भराभर वर येताना पाहून भांडवल घालणारे चकित झाले. हलणारे चित्र हे हलतच नसते. ती स्थिर चित्रांची रांग असते. त्या रांगेतील एक चित्र म्हणजे एक फ्रेम. फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत, हेही लक्षात ठेवा. या देशातील चित्रणाच्या पहिल्या तंत्रकामगारांत एक बाई होती, आणि तिच्या मजुरीचा हिशेब कोणी मांडला नाही.

दर सेकंदाला किती फ्रेम, हे दुसरे माप. त्याला 'फ्रेमरेट' म्हणतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट. त्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणजे एकंदर ५९,२०० फ्रेम झाल्या. आता गणित करा. सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने दाखविला तर चित्रपट सुमारे ६२ मिनिटे चालतो. बोलपटाच्या २४ च्या वेगाने दाखविला तर ४१ मिनिटांत संपतो. फिल्म तीच, माणसे तीच, मेहनत तीच. माप बदलले की तासाचे पाऊण तासाहून कमी होते. 'फ्रेमरेट काय फार मोठी गोष्ट?' असे म्हणणाऱ्यास हे उदाहरण पुरे आहे.

आपल्याकडे दूरदर्शनचा वेग सेकंदाला २५ फ्रेम ठरला आणि अमेरिकेत ३०. हा भेद कोणाच्या लहरीने पडला नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेची ६० ची. दूरचित्रवाणीने आपापल्या विजेचा निम्मा आकडा घेतला. पुढे रंग आल्यावर अमेरिकेचा आकडा किंचित घसरून २९.९७ झाला. तिकडच्या घड्याळात आणि चित्राच्या मोजणीत त्यामुळे तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडू लागली आणि ती भरून काढण्यासाठी मोजणीतील काही आकडे गाळण्याची युक्ती करावी लागली. आपल्या २५ ला हा व्याप नाही. तरीही आपली मुले कॅमेरा विकत घेतात आणि कारखान्याने जो आकडा लावून दिला असेल तोच ठेवतात.

याचा परिणाम काय होतो ते एका तंट्यावरून सांगतो. एका तरुणाने मंगल कार्यालयातील समारंभाचे चित्रण केले. ज्यांच्यासाठी केले त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. चित्र लुकलुकत होते. पडद्यावर काळसर पट्टे वर-खाली सरकत होते. शेठ म्हणाले, "माल बिघडला, दोन महिन्यांचे पैसे विसर." पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, कॅमेरा तोच, हात तोच, बाहेर उन्हात काढले ते स्वच्छ आहे."

इथे तिसरा शब्द येतो, 'शटर'. एक फ्रेम घेताना प्रकाश किती वेळ आत घ्यावयाचा, ते शटर ठरविते. आपल्या विजेवरचा साधा ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहिले तर दर फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके येतात. शंभरावा भाग राहिले तर एक येतो. पण साठावा भाग ठेवला तर येतात एक पूर्णांक दोन तृतीयांश! एका फ्रेममध्ये कमी, दुसरीत जास्त. म्हणून चित्र लुकलुकते. आम्ही फाईल उघडून पाहिली. डिजिटल फाईलच्या पोटात तिची जन्मपत्रिका असते. तिला 'मेटाडेटा' म्हणतात. तीत लिहिले होते, फ्रेमरेट ३०, शटर १/६०. आणि त्या पोराच्या फोनमध्ये शेठचाच निरोप होता, "गिऱ्हाईक अमेरिकेत आहे, सगळे तीसवर काढ." सूचना कोणाची, दिवे कोणते, दोष कशाचा, हे तिन्ही कागदावर मांडल्यावर वाद उरला नाही. पूर्ण पैसे मिळाले. मोर्चा काढावा लागला नाही, घोषणा द्याव्या लागल्या नाहीत. दोन शब्दांचा अर्थ ठाऊक असणे पुरे झाले.

अशी फसगत करणारे जोडशब्द आणखी आहेत. '५० आय' आणि '५० पी' घ्या. दोन्हीकडे आकडा ५०. पण 'आय' म्हटले म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांच्या ५० ओळगट्ट्या, एक गट्टी विषम ओळींची, एक सम ओळींची. त्यांची पुरी चित्रे २५ च. 'पी' म्हटले म्हणजे पुरी ५० चित्रे. एका अक्षराने साठवण दुप्पट होते, जोडणाऱ्याच्या यंत्रावरचा भार वाढतो. दुसरी जोडी 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट'. आठ बिट म्हणजे एक बाइट. तोंडी व्यवहारात दोघांनाही 'एमबी' म्हणतात आणि हिशेबात आठपटीचा घोळ होतो. मणाला शेर म्हणणारा व्यापारी आपण उभा करणार नाही. इथे मात्र तो रोज उभा असतो.

आता 'रिझोल्यूशन', म्हणजे चित्रात ठिपके किती. ज्याला फुल एचडी म्हणतात त्यात रुंदीला १,९२० आणि उंचीला १,०८० ठिपके, एकूण २०,७३,६००. ज्याला चारके म्हणतात, त्यात सामान्यतः ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४००. नेमके चौपट. गिऱ्हाईक म्हणते, "चारकेमध्ये काढा, तेवढ्याच पैशांत." त्याच्या दृष्टीने तो कॅमेऱ्यावरचा एक खटका आहे. कामगाराच्या दृष्टीने ठिपके चौपट, साठवण मोठी, संगणकाची घरघर लांबलेली आणि झोप तेवढी कमी.

पण ठिपके मोजून काम संपत नाही; प्रत्येक ठिपक्यात माल किती भरला आहे, हेही माप आहे. त्याला 'बिटडेप्थ' म्हणतात. आठ बिटांत दर रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटांत १,०२४. गोदावरीवरच्या संध्याकाळच्या आकाशाचा उतरता रंग २५६ पायऱ्यांत पुष्कळदा बसतो; पण मागाहून त्याची रंगसफेदी करावयास घेतली की जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. पुढचा शब्द ४:२:२. हा पत्ता नव्हे, भाजणीचे प्रमाण आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडाचा बारकावा जास्त कळतो, रंगाचा कमी. म्हणून चार ठिपक्यांचा उजेड चारदा लिहितात, पण रंग दोनदाच लिहितात. ४:२:० मध्ये रंगाची आणखी एक काटछाट होते. एक ओळ आड रंग लिहितात. घरी पाहण्यास दोन्ही सारखेच. परंतु मागे हिरवा पडदा लावून चित्रण केले असेल आणि तो पडदा काढून तेथे दुसरे दृश्य बसवावयाचे असेल, तर ४:२:० मध्ये केसांच्या कडा चावल्यासारख्या दिसतात, आणि संकलन करणारा एकेक कड हाताने दुरुस्त करीत बसतो. सकाळी ज्याने एक खटका चुकीचा ठेवावयास लावला, त्याने रात्री दुसऱ्याचे तीन दिवस खर्च केलेले असतात.

आता मोठा शब्द, 'कोडेक'. चारकेचे दहा बिटांचे ४:२:२ चित्र सेकंदाला २५ फ्रेमप्रमाणे जसेच्या तसे साठवू म्हटले तर दर सेकंदाला सुमारे ४१५ कोटी बिट लागतात. एवढे कोणाला परवडावे? म्हणून त्याचे गाठोडे बांधतात. गाठोडे बांधण्याची आणि सोडण्याची रीत म्हणजे कोडेक. गाठोडे दर सेकंदाला किती जाडीचे, ते 'बिटरेट'. बिटरेट १०० मेगाबिट ठेवला तर ते दहा कोटी बिट झाले. म्हणजे मूळ मालाच्या एकेचाळीसाव्या भागाएवढेच आपण घरी आणतो. बाकीचे कोडेकने आपल्या अक्कलहुशारीने वगळलेले असते. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचे कार्ड सुमारे ८५ मिनिटांत भरते. ज्याला हे गणित येते, तो तीन तासांच्या समारंभाला किती कार्डे लागतील ते आदल्या दिवशी कागदावर लिहून देतो. ज्याला येत नाही, त्याचे कार्ड सप्तपदीच्या वेळी भरते, आणि सप्तपदी परत होत नाही.

गाठोडे बांधण्याच्या दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे बांधतात. दुसरीत एक फ्रेम पुरी ठेवून पुढच्यांत काय बदलले एवढेच लिहितात. दुसरीची फाईल लहान. पण मधली फ्रेम उघडावयाची तर संगणकाला मागच्यापुढच्या फ्रेम हुडकाव्या लागतात, म्हणून तो रडतखडत चालतो. लहान फाईल म्हणजे लहान काम, हा मालकाचा समज इथे खोटा ठरतो.

आणखी दोन शब्द सांगतो. कामगाराच्या दृष्टीने ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. एक 'टाइमकोड'. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा क्रमांक पडतो. चार कॅमेरे एकाच वेळेला लावले असतील तर या क्रमांकांवरून ती चित्रे जुळतात. कारखान्यातील हजेरीपटासारखेच हे. आणि फाईलच्या जन्मपत्रिकेत तारीख-वेळही असते. सकाळी सातला पहिली फाईल आणि रात्री सव्वाअकराला शेवटची, म्हणजे काम किती तास झाले याचा पुरावा कोणाच्या सहीवाचून तयार होतो. जादा कामाचे पैसे मागणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. अट एकच: कॅमेऱ्याचे घड्याळ रोज सकाळी बरोबर लावलेले असले पाहिजे. चुकीचे घड्याळ हा खोटा साक्षीदार.

दुसरा शब्द 'चेकसम'. कार्डावरची फाईल दुसरीकडे उतरवून घेतली, ती तंतोतंत उतरली का? नुसते नाव आणि आकार पाहून कळत नाही. संगणक फाईलचे सारे आकडे घुसळून एक ठराविक लांबीचा आकडा काढतो. मूळ प्रतीचा आणि नकलेचा तो आकडा जुळला तर नक्कल खरी समजावी. रोकड मोजून घेऊन पावती देणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे. या धंद्यात रूढ नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. हा जुळवणीचा आकडा कागदावर उतरेपर्यंत कार्ड पुसू नये. माल हरवला की दोष सगळ्यांत धाकट्या पोराच्या माथी येतो. जुळवणीचा कागद त्याच्या खिशात असेल तर येत नाही.

आता कोणी म्हणेल, "हे सारे इंग्रजी शब्द, त्यांना मराठी शब्द काढा, मग लोकांना कळेल." भाषेचा अभिमान मलाही आहे. दिग्दर्शक, संकलन, बोलपट असे शब्द आपल्याच जिल्ह्यातील भगूरच्या सावरकरांनी सुचविले असे मानले जाते, आणि त्यांतील कितीतरी आज आपल्या तोंडी बसले आहेत. चांगला शब्द मिळाला तर अवश्य घ्यावा. परंतु कारखान्यात आम्ही लेथला लेथच म्हणालो आणि गेजला गेज. त्याने आमचे अडले नाही. अडते ते शब्द परका असल्यामुळे नव्हे, माप परके असल्यामुळे. 'आवर्तनगती' म्हणून पाठ केले आणि २५ की ३० हे कळले नाही, तर त्या मराठीचा काय उपयोग?

दुसरा म्हणेल, "आता फोन सारे आपोआप करतो." करतो खरा. पण आपोआप म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने ठरविल्याप्रमाणे. ज्या दिवशी तंटा होईल, त्या दिवशी फोन तुमच्या बाजूने साक्ष द्यावयास उभा राहणार नाही. त्याने काय ठरविले होते, ते तुम्हालाच वाचता आले पाहिजे.

शब्दाला किती बळ असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. बाजारातला हा साधा शब्द १९६९ साली कायद्यात गेला, आणि ज्याला कोणी मालक नव्हता त्या हमालाला हक्क मिळाले. चित्रणातील कामगारासाठी १९८१ साली सिनेकामगारांचा कायदा झाला; पण त्याची व्याख्या कथानक असलेल्या मोठ्या चित्रपटापुरती होती. माहितीपट, जाहिराती, मालिका करणारे त्या शब्दाबाहेर राहिले. २०२० साली संसदेने कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयी जी संहिता संमत केली, तीत शब्द बदलला: 'दृक्‌श्राव्य कामगार'. त्याच्या व्याख्येत डिजिटल निर्मिती आली, जाहिरात आली, वेबमालिका आली. आणि अशा कामगाराशी लेखी करार केल्यावाचून त्याला कामावर ठेवू नये, असे तीत म्हटले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अंमलात आली. लग्नाचे चित्रण या शब्दात बसते की नाही, यावर वकील मंडळी वाद घालतील. मी वकील नाही. पण लेखी करार म्हटला म्हणजे त्यात लिहावयाचे काय? 'क्वालिटी चांगली' एवढे लिहिले, तर तो करार कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याइतकाच धोक्याचा.

म्हणून माझी विनंती दोघांनाही आहे. काम देणाऱ्यांनो, आणि आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी घरच्या कार्याला काम देणारा असतोच, काम ठरविताना अर्धा कागद भरून घ्या: फ्रेमरेट किती, शटर किती, ठिपके किती, आठ बिट की दहा, रंगाची भाजणी कोणती, कोडेक आणि बिटरेट कोणता, कामाचे तास किती, प्रती किती आणि कोणाच्या ताब्यात, दुरुस्त्या किती वेळा, पैसे केव्हा. दहा ओळींहून जास्त लागत नाहीत. आणि पिशवी पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, या दहा ओळींतील प्रत्येक शब्दाचा अर्थ समोरच्याला पाच मिनिटांत सांगता येईल इतका पक्का करा. त्याला महाविद्यालय लागत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका, एक वही आणि चार संध्याकाळी पुरतात. एकट्याला जड वाटले तर चौघे मिळून बसा. चौघे मिळून बसले की युनियनची सुरुवात होते, हे मी अनुभवाने सांगतो.

फाळक्यांच्या गावात कॅमेरा चालविणाऱ्याला आपल्या कामाचे माप सांगता येऊ नये, हे शोभत नाही.